बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुपरहिरो कॉमिक्स: कुठून धरायचं, काय सोडायचं

ऐंशी-नव्वदच्या दशकात सुपरहिरो कॉमिक्सवर वाढलेले आणि मग कधीतरी त्यापासून सुटलेले वाचक हल्ली परत येऊ बघतात. निमित्त बहुतेकदा सिनेमाचं असतं. मंडळी दुकानात जातात, 'स्पायडर-मॅन' लिहिलेलं समोर दिसेल ते उचलतात, घरी येऊन दहा मिनिटांत संपवतात आणि म्हणतात, 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही.' ते खोटं नाही, पूर्वीसारखं खरंच राहिलेलं नाही. पण गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात जे खरोखर चांगलं निघालं, ते अशा उचलाउचलीत हाती लागत नाही. त्यासाठी शोधायची पद्धत बदलावी लागते.

लहानपणी आपण पात्राच्या नावावर अंक घ्यायचो. बॅटमॅन आवडतो म्हणून बॅटमॅन. ही सवय आधी मोडायची. आता लेखक आणि चित्रकार यांची जोडी बघायची, आणि जमेल तेव्हा संपलेली, पुस्तकरूपात आलेली गोष्ट घ्यायची. पुढचं सगळं याच दोन गोष्टींचा विस्तार आहे.

आधी आठवा: सुटलं कशामुळे?

हा प्रश्न टाळू नका, कारण उत्तरावर पुढची यादी ठरते.

काहीजण नव्वदच्या फुगवट्यात कंटाळले. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होऊन आला. लोक वाचायला कमी आणि 'पुढे भाव येईल' म्हणून जास्त घेऊ लागले. भाव अर्थातच आला नाही, कारण प्रत्येकाच्या कपाटात तोच अंक होता. १९९६ च्या डिसेंबरात 'स्पायडर-मॅन' आणि 'एक्स-मेन' छापणाऱ्या मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. या काळात सुटलेल्यांना चमचमणारी मुखपृष्ठं, फुगलेले दंड आणि दात-ओठ खाणारे नायक यांचाच वैताग आलेला असतो. त्यांना आजची चित्रं सुखद धक्का देतील.

दुसरा गट फसवणूक झाल्यासारखं वाटून गेलेला. पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचं १९८७ मध्ये लग्न झालं. वीस वर्षं वाचकांनी तो संसार पाहिला, आणि २००७ च्या अखेरीस मेफिस्टो नावाच्या सैतानाशी केलेल्या सौद्यात ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरलं. सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी या प्रकाशकाने २०११ च्या सप्टेंबरात ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि सुपरमॅन-लोइसचा संसारही त्यात पुसला गेला (तो पुढे २०१६ मध्ये परत आणावा लागला). ज्यांचा राग असा आहे, त्यांनी मुख्य मासिक मालिकांच्या वाटेला जाऊच नये. स्वतंत्र, एकसंध गोष्टी घ्याव्यात. त्यांना पुसणारं कुणी नसतं.

तिसरा गट आपल्याकडे सर्वांत मोठा असावा. इंद्रजालचे अंक १९९० मध्ये बंद झाले. पुढे गॉथम कॉमिक्सने मार्व्हल आणि डीसीचे भारतीय भावातले अंक आणले, तेही थांबले. फोर्टातल्या फुटपाथवर किंवा रद्दीच्या दुकानात जे मिळायचं ते कधी मधलाच अंक, कधी शेवटची पानं फाटलेला. मग नोकरी, घर, हप्ते. यांचं कॉमिक्सशी भांडण काहीच नाही, फक्त दोर तुटलेला आहे. या वाचकांना सर्वांत सोपं जातं.

आकड्यावर जाऊ नका

'पहिला अंक' दिसला की तिथून सुरुवात करावी असं वाटणारच. पण 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक १९६३ मध्ये निघाला, मग १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ मध्येही निघाला. आकडा एकवर आणला की खप वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. उलट 'ॲक्शन कॉमिक्स'ने २०१६ मध्ये नऊशे सत्तावन्नाव्या अंकापासून जुनी मोजणी परत धरली आणि २०१८ मध्ये हजारावा अंक काढला. तेव्हा पहिला अंक म्हणजे सुरुवात नव्हे आणि नऊशे सत्तावन्नावा म्हणजे उशीर नव्हे.

पुस्तकांच्या खंडांचंही तसंच. 'अल्टिमेट स्पायडर-मॅन, खंड पहिला' या नावाची दोन अगदी वेगळी पुस्तकं बाजारात आहेत. एक २००० मध्ये सुरू झालेल्या, शाळकरी पीटरच्या मालिकेचं, आणि दुसरं २०२४ मध्ये सुरू झालेल्या, मध्यमवयीन पीटरच्या मालिकेचं. म्हणून ऑनलाइन शोधताना मालिकेचं नाव, लेखकाचं आडनाव आणि वर्ष असं तिन्ही इंग्रजीत टाका. मुखपृष्ठावर लेखक-चित्रकारांची नावं ठळक असतात. ती जुळली तरच पैसे भरा.

आणि मागचं सगळं वाचल्याशिवाय कळेल का, ही धास्ती सोडून द्या. यंदाचा दिवाळी अंक घेण्याआधी गेल्या पन्नास वर्षांचे अंक कुणी चाळत नाही. चांगला लेखक लागेल तेवढं सांगून पुढे जातो. 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या पहिल्या पानावर ग्रँट मॉरिसनने सुपरमॅनची सगळी जन्मकथा चार चौकटींत आणि आठ शब्दांत आटोपली आहे: नाश पावणारा ग्रह, हताश शास्त्रज्ञ, शेवटची आशा, मायाळू जोडपं. पान उलटलं की गोष्ट सूर्याजवळ पोचलेली असते.

चाल बदलली आहे, हे धरून चला

जुन्या वाचकाला खटकतं ते नेमकं इथे. पूर्वी एका अंकात एक गोष्ट सुरू होऊन संपायची. पानावर सहा-सात चौकटी, वर पिवळ्या पट्टीत निवेदन, डोक्यावर विचारांचे ढग, आणि मारामारी करता करता नायक आपण काय करतोय हेही बोलून दाखवायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात असा अंक ७५ सेंटला मिळायचा आणि अर्धा-पाऊण तास पुरायचा.

आज अंकात साधारण वीस पानं गोष्ट असते, पानावर चार-पाच चौकटी, विचारांचे ढग जवळजवळ हद्दपार. एक कथानक पाच-सहा अंकांत पसरतं, कारण लेखकाच्या डोळ्यासमोर मागाहून येणारं पुस्तक असतं. किंमत चार ते पाच डॉलर, आणि वाचून व्हायला दहा-पंधरा मिनिटं. म्हणून सुटा अंक घेतला की फसल्यासारखं वाटतं. तो गोष्टीचा सहावा हिस्सा असतो. पुस्तक घेतलं की तीच संथ चाल सुसह्य होते, बऱ्याचदा छानही वाटते.

वाचायची पद्धतही थोडी बदलावी लागते. शब्द कमी असल्यामुळे आपण पानं भराभर उलटतो, आणि निम्मी गोष्ट चित्रात असल्यामुळे ती निसटते. बिनशब्दांच्या पानावर मुद्दाम थांबा. कोण कुणाकडे बघतंय, कोण बघायचं टाळतंय, हे आजकाल शब्दांत लिहून येत नाही.

जोडी शोधायची कशी

सोपा उपाय असा. तुम्हाला त्या काळातलं जे एक कथानक अजून आठवतं, ते कुणी लिहिलं आणि कुणी काढलं ते शोधा. त्यातली काही माणसं अजून कामात आहेत. मार्क वेडचं नाव नव्वदच्या दशकातल्या 'फ्लॅश'मुळे ठाऊक असेल. त्याने २०११ मध्ये 'डेअरडेव्हिल' हाती घेतला. त्याआधीची कित्येक वर्षं ती मालिका काळोखात बुडालेली होती, तिच्या नायकाच्या, मॅट मर्डॉकच्या, आयुष्यात दुःखावर दुःख. वेडने ठरवलं की हा माणूस आता हसणार. पाओलो रिवेराने काढलेलं पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ पाहा. अंध नायकाभोवतीचं शहर आवाजांच्या अक्षरांनी उभं केलंय. त्याला शहर कसं 'दिसतं' हे समजवायला आत वेगळं पान खर्ची घालायची गरजच उरत नाही. मालिकेला २०१२ चा आयस्नर पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

आयस्नर म्हणजे अमेरिकी कॉमिक्सचा सर्वांत मानाचा पुरस्कार. त्याच्या गेल्या पंधरा वर्षांच्या याद्या चाळणं हा दुसरा मार्ग. सगळंच आपल्याला आवडेल असं नाही, पण टाकाऊ माल सहसा नसतो. 'सर्वोत्तम मर्यादित मालिका' हा विभाग आधी बघा. त्यातल्या गोष्टींना सुरुवात असते आणि शेवटही असतो.

तिसरी खूण म्हणजे जोडी किती काळ टिकली. एका लेखकाबरोबर अंकागणिक चित्रकार बदलत असेल तर काम घाईचं आहे असं समजा. मोठ्या मालिका महिन्याला दोन अंक काढू लागल्या की हे हमखास होतं.

आता पुस्तकं: कुणाला काय

ज्यांना सुपरहिरोची माणुसकी, हलका विनोद आणि शेजारपाजार हवा, त्यांनी मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा 'हॉकआय' घ्यावा. २०१२ ते २०१५, एकूण २२ अंक. ॲव्हेंजर्समधला धनुर्धारी सुट्टीच्या दिवशी काय करतो, एवढंच कथानक. तो ब्रुकलिनमधल्या एका जुनाट इमारतीत राहतो आणि ट्रॅकसूट घातलेले गुंड तिथल्या भाडेकरूंना हुसकावून जागा मोकळी करू पाहतात. मुंबईकराला यातलं काही समजावून सांगायला नको. अकरावा अंक तर पूर्ण कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात ते त्याला कळत नाही, म्हणून संवादाच्या फुग्यांत नुसते गिरगोटे, आणि मधेच त्याला ओळखीचा एखादा शब्द. माणूस समोर आला की त्याच्याभोवती वासांची छोटी छोटी चिन्हं: कॉफी, घाम, पिझ्झा, दुसरं कुणी भेटून गेल्याची खूण. या चिन्हांच्या जोरावर कुत्रा एका खुनाचा तपास लावत जातो. वाचक पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो, तीन-चार पानांत ही भाषा शिकतो आणि मग कुत्र्याच्या दोन पावलं पुढे धावू लागतो. हे सिनेमात जमत नाही, कादंबरीतही नाही. कॉमिक्सकडे परत का यावं असं कुणी विचारलं तर मी हा अंक हातात ठेवतो.

जुना, सरळ, उजेडातला सुपरमॅन-बॅटमॅन आठवून गलबलणाऱ्यांसाठी वेड आणि डॅन मोरा यांचं 'वर्ल्ड्स फायनेस्ट', २०२२ पासून. कथा मुद्दाम जुन्या काळात ठेवलेली आहे. डिक ग्रेसन अजून बॅटमॅनचा साथीदार रॉबिन आहे, दोघे नायक एकमेकांचे मित्र आहेत आणि खलनायक खलनायकासारखे वागतात. चित्रं मात्र पूर्ण आजची. याच्या जोडीला जीन लुएन यांगने लिहिलेलं 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. १९४६ च्या रेडिओ मालिकेतल्या कथेवर बेतलेलं, तीन भागांचं आणि एका पुस्तकात संपणारं. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर दोघांना मिळून वाचता येईल.

वाढत्या वयाचं काही हवं असेल तर जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो यांचा २०२४ चा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'. या जगात पीटरला पंधराव्या वर्षी कोळी चावलाच नाही. तो मध्यमवयीन आहे, मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, नोकरी आहे, दाढी आहे. काका बेन जिवंत आहेत आणि संपादक जे. जोना जेमसनबरोबर नवं वर्तमानपत्र काढायच्या खटपटीत आहेत. अशा माणसाला आता विचारलं जातं: तुझ्या आयुष्यातून काढून घेतलेली शक्ती परत हवी का? २००७ च्या त्या सौद्यावर रुसून गेलेल्या वाचकांसाठीच जणू हे लिहिलंय. पंधरा वर्षांचा पीटर आपल्याला आता मुलाच्या वयाचा वाटतो. हा पीटर आपल्या वयाचा आहे.

डीसीकडे त्याच सुमारास सुरू झालेला स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'. ब्रूस वेनकडे पैसाच नाही. तो नगरपालिकेच्या कामावरचा अभियंता आहे आणि आई हयात आहे. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह उपटून त्याची कुऱ्हाड करतो. रक्तपात भरपूर आहे, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये. पण बॅटमॅनच्या श्रीमंतीचा कंटाळा आलेल्यांना मजा येईल.

भयकथा वाचणाऱ्यांनी अल ईविंगचा 'इम्मॉर्टल हल्क' बघावा. २०१८ ते २०२१, बरोबर ५० अंक. ब्रूस बॅनर दिवसा मेला तरी रात्री हल्क उठून उभा राहतो, इथून सुरुवात. पुढे हे प्रकरण इतकं खोल जातं की सत्तरच्या दशकातले हल्कचे अंक वाचलेल्यालाही आपण हे पात्र ओळखत नव्हतो असं वाटावं. बीभत्स आहे, जेवताना वाचू नका.

सुखवस्तू उपनगरातली थंड, अस्वस्थ करणारी शोकांतिका चालत असेल तर टॉम किंग आणि गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टा यांचा 'द व्हिजन', १२ अंक. ॲव्हेंजर्समधला कृत्रिम मानव बायको आणि दोन मुलं घडवतो आणि वॉशिंग्टनजवळ घर घेऊन 'सामान्य' व्हायला बघतो. किंगचंच 'सुपरगर्ल: वूमन ऑफ टुमॉरो' आठ अंकांचं आहे, बिल्किस एव्हलीच्या चित्रांसाठी तरी घ्यावं. किंगची एक खोड आहे, त्याचे सगळे नायक आतून मोडलेले असतात. एका पाठोपाठ तीन पुस्तकं वाचलीत तर तुम्हीही मोडाल.

एक्स-मेनच्या जुन्या चाहत्यांसाठी हिकमनचे 'हाऊस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स', २०१९, सहा-सहा अंक, आलटून पालटून वाचायचे. म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेले लोक, क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर स्वतःचं राष्ट्र उभं करतात. एकत्रित पुस्तकात वाचनाचा क्रम लावूनच दिलेला आहे. त्यानंतर जो पसारा झाला तो २०२४ पर्यंत चालला. त्यात शिरण्याची सक्ती नाही, बारा अंकांवर थांबलात तरी चालेल.

'मिस मार्व्हल' थोडक्यात: जी. विलो विल्सन, ॲड्रियन अल्फोना, २०१४. जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकी कमला खान. न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना त्यातले आई-बाप फार ओळखीचे वाटतील.

मार्व्हल-डीसी दोन्ही नकोत? मग कर्ट ब्यूसिकची 'ॲस्ट्रो सिटी', १९९५ पासून. पहिल्याच कथेत समारिटन नावाचा सर्वशक्तिमान नायक दिवसभर एका संकटाकडून दुसऱ्याकडे धावतो आणि हवेत किती सेकंद मिळाले ते मोजत राहतो. उडण्याचा आनंद घ्यायला वेळच नाही. मनसोक्त उडतो ते फक्त झोपेत. लोकलच्या वेळा पाळत आयुष्य काढलेल्या माणसाला ही कथा लागते. दुसरी निवड रॉबर्ट कर्कमनची 'इन्व्हिन्सिबल'. २००३ ते २०१८, १४४ अंक, आणि खरोखर संपते. सुरुवातीचे काही अंक गोडगोड वाटतील, तिथे सोडू नका.

वीस पानांची परीक्षा

पुस्तक घेण्याआधी दुकानात उभ्याने किंवा ऑनलाइन नमुन्यात पहिली वीसेक पानं बघा आणि स्वतःला एवढंच विचारा: मुख्य माणसाला काय हवंय ते कळलं का? शब्द झाकले तर कोण कुठे उभं आहे ते चित्रावरून समजतं का? आणि न वाचलेल्या दुसऱ्या मालिकेत घडलेल्या गोष्टीचा उल्लेख गोष्टीच्या ऐन मोक्यावर येतो का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर ठेवून द्या, मुखपृष्ठ कितीही देखणं असो.

मोठ्या महाकथांचा फेरा यामुळे आपोआप टळतो. २००६ ची 'सिव्हिल वॉर' घ्या. मूळ गोष्ट सात अंकांची, पण तिचे धागे डझनावारी मालिकांत सोडलेले. प्रकाशक हे धागे विकत घ्यायला लावतात. मूळ सात अंक वाचावेत, बाकीच्यांनी काही अडत नाही.

एकाच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं आजही निघतात. आतलं पानन्‌पान तेच असतं. वाचायचं असेल तर सर्वांत स्वस्त प्रत घ्या.

कोणत्या रूपात घ्यायचं

पाच-सहा अंकांचा साधा पेपरबॅक हा सुरुवातीला उत्तम. आवडलं नाही तर नुकसान मर्यादित. ऑम्निबस म्हणजे तीस-चाळीस अंकांचा जाडजूड ग्रंथ. कपाटात शोभतो, पण पलंगावर पडून वाचायला घेतलात तर छातीवर दगड. डीसीने २०२४ पासून लहान आकाराची स्वस्त आवृत्ती काढली आहे, दहा डॉलरच्या आत एक पूर्ण कथा. 'ऑल-स्टार सुपरमॅन' त्यात मिळतं. मात्र पान आकसल्यामुळे अक्षरंही आकसतात. चाळिशी लागलेल्यांनी आधी एखादं पान उघडून बघावं.

डोळ्यांचा प्रश्न असेल तर टॅबलेट बरा. दहा-अकरा इंचांच्या पडद्यावर पूर्ण पान नीट दिसतं. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, पण त्यात पानाची रचनाच हरवते. 'नाइटविंग'चा ८७वा अंक ब्रुनो रेडोंडोने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सलग चित्र म्हणून काढलाय. तो चौकटी-चौकटीने वाचणं म्हणजे वाया घालवणं.

मिळवायचं कुठून

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पुस्तकदुकानांत गाजलेली शीर्षकं मिळतात, बाकीची ऑनलाइन. आयात मालाचा भाव डॉलरबरोबर हलतो आणि एकच पुस्तक दोन विक्रेत्यांकडे बऱ्याच फरकाने दिसतं, म्हणून घाई नको. पण फार थांबूही नका. प्रत संपली की पुढची छपाई कधी येईल ते सांगता येत नाही. मधला खंड संपलाय आणि बाकीचे आहेत, असं वारंवार होतं, तेव्हा मालिका घ्यायची तर आधी सगळे खंड उपलब्ध आहेत का ते बघा आणि मगच पहिला मागवा. जुनी पुस्तकं फोर्ट आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अजून अधूनमधून सापडतात. कॉमिक कॉनच्या मुंबईतल्या मेळ्यात शेवटच्या दिवशी विक्रेते भाव खाली आणतात, घासाघीस करायला लाजू नका.

किंडलवर डिजिटल पुस्तकं मिळतात. पूर्वीचं कॉमिक्सॉलॉजीचं वेगळं ॲप २०२३ च्या अखेरीस बंद होऊन किंडलमध्येच विलीन झालं. तिथे अधूनमधून एखाद्या लेखकाची किंवा पात्राची पुस्तकं एकदम अगदी स्वस्तात निघतात. हवी ती शीर्षकं यादीत टाकून ठेवा आणि भाव पडला की घ्या.

मार्व्हल अनलिमिटेड ही वर्गणीची सेवा आहे. हजारो जुने अंक, आणि नवा अंक छापून आल्यावर साधारण तीन महिन्यांनी. परत येणाऱ्या वाचकाने एक महिन्याची वर्गणी भरून 'डेअरडेव्हिल', 'हॉकआय' आणि 'व्हिजन' यांचे पहिले दोन-दोन अंक वाचावेत आणि पकडलं त्याचंच पुस्तक मागवावं. महिना संपायच्या आत वर्गणी बंद करायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

अमेरिकेतल्या मंडळींना तर पैसेही लागत नाहीत. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असेल आणि त्या ग्रंथालयाची 'हूपला' सेवा असेल, तर मार्व्हल आणि डीसी दोन्हींची पुस्तकं घरबसल्या उसनी मिळतात. छापील प्रती दुसऱ्या शाखेतून मागवताही येतात. दरवर्षी मेच्या पहिल्या शनिवारी कॉमिक्सच्या दुकानांत फुकट अंक वाटतात, ती प्रथा २००२ पासून आहे.

मुलांना देण्याआधी मागच्या बाजूचा वयोगटाचा शिक्का बघा. डीसीच्या 'ब्लॅक लेबल'खालची पुस्तकं सतरा वर्षांवरच्यांसाठी असतात. मुखपृष्ठावर बॅटमॅन दिसला म्हणून पुतण्याच्या वाढदिवसाला देऊन टाकू नका.

आणि इतकं करून जुनंच हवं असेल तर

दोन-तीन नवी पुस्तकं वाचूनही मन जुन्याकडेच ओढत असेल, तर त्यात गैर काही नाही. मार्व्हलची 'एपिक कलेक्शन' ही मालिका २०१३ पासून जुने अंक क्रमाने, रंगीत पेपरबॅकमध्ये छापते आहे, आणि डीसीने २०२४ च्या अखेरीस 'डीसी फायनेस्ट' नावाने तसंच सुरू केलं. रद्दीच्या दुकानात शेवटची पानं फाटलेल्या त्या अंकात पुढे काय झालं, ते यांत सापडायची बरीच शक्यता आहे. फक्त कोणत्या वर्षाचे अंक आत आहेत ते बघून घ्या. हे खंड प्रकाशनाच्या क्रमाने निघत नाहीत, आधी सातवा आणि मग तिसरा असंही होतं.

वेताळ आणि फ्लॅश गॉर्डनवर वाढलेल्यांसाठी वेगळी बातमी. दोन्ही वर्तमानपत्री चित्रमालिका आजही रोज निघतात. वेताळ बरीच वर्षं टोनी डीपॉलने लिहिला आणि माइक मॅन्लीने काढला. फ्लॅश गॉर्डन २०२३ च्या ऑक्टोबरपासून डॅन श्केडने एकहाती घेतलाय, आणि मोंगो ग्रहावरचा तो जुना पसारा त्याने असा काही नव्याने मांडलाय की सुरुवातीपासून वाचणाऱ्याला मागचं काहीही ठाऊक असायची गरज नाही. 'कॉमिक्स किंगडम' या संकेतस्थळावर त्याच्या अगदी पहिल्या पट्टीपर्यंत मागे जा आणि तिथून धरा.